खांद्यावरचा पिवळा टॉवेल

अहो,

आज तुमचा पिवळा टॉवेल धुतला. रागावू नका. वेगळी बादली, थंड पाणी, पातळ साबणाचं एकच झाकण. पिळला नाही, नुसता दाबून पाणी काढलं. आता तो गॅलरीत आतल्या दोरीवर आहे, सावलीत, आणि मी समोर खुर्ची टाकून कबुतरं हाकलत बसले आहे. वाळेपर्यंत इथून उठायचं नाही असं ठरवलंय. मग नुसतं बसून काय करायचं, म्हणून तुम्हाला लिहितेय.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. वर्षभर मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलत आले, आणि दर वेळी एक गोष्ट तेवढी गाळत आले. आज ती लिहायची आहे. उद्या सकाळी आपटे सरांची काळी गाडी शेडवर येणार आहे. त्याआधी मला हे कुणाला तरी सांगायला हवं. जिवंत माणसाला सांगायचं तर धीर लागतो, म्हणून आधी तुमच्यावर सराव करते. तुम्ही मध्ये बोलणार नाही, ही तेवढी सोय आहे.

सुरुवात कुठून करू? तुमच्या टॉवेलांपासूनच करावी लागेल. आपल्या घरात दुसरं होतं काय?

खडकीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं माल तपासलात, मुदतीआधी निवृत्ती घेतलीत, आणि केलंत काय, तर मांजरी गावात पत्र्याची शेड घेऊन लोकांच्या गाड्या पुसायला लागलात. 'पुसायला' म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. "डीटेलिंग म्हणतात त्याला, शुभदा." मी म्हणायचे, इंग्रजी नाव ठेवलं तरी फडकं ते फडकंच. त्यावर तुम्ही दुखावल्यासारखे बघायचात. "फडकं नाही. मायक्रोफायबर."

मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत होकार देऊन मोकळे झालात. आणि टॉवेल निवडायला मात्र अख्खी दुपार! दुकानदार गठ्ठे काढून काढून घामाघूम व्हायचा. तुम्ही प्रत्येक टॉवेल हाताच्या पालथ्या बाजूवरून फिरवायचात, मग भेगाळलेल्या बोटांनी चाचपायचात. बोटांच्या भेगांना अडकला तर ठेवायचा, गुळगुळीत घसरला तर परत. कडेला जाड शिलाई दिसली की परत. शिवलेली चिठ्ठी असेल तर घरी आल्या आल्या कात्रीने उडवायची, तिचा कोपरा रंगाला लागतो म्हणून. दुकानदार एकदा मला हळूच म्हणाला होता, "वहिनी, साहेब घरीपण असेच आहेत का?" मी म्हटलं, घरी त्यांना सगळं चालतं, अगदी अळणी आमटीसुद्धा. ते खरंच होतं.

आणि ती सीडी! टॉवेल रंगाला चरे पाडतो की नाही हे पाहायला तुम्हाला एक चकचकीत सीडी हवी होती. घरातली सगळ्यात चकचकीत सीडी कोणती, तर आपल्या लग्नाची. घासलीत की हो तिच्यावर! एकदा नाही, नव्या गठ्ठ्यातला प्रत्येक टॉवेल. मी तीन दिवस बोलले नाही तुमच्याशी. तुमचं म्हणणं असं की, "बघतोय कोण ती? आपण दोघंही इथेच आहोत की."

परवा सगळे गेल्यावर लॅपटॉपवर लावून बघितली. सप्तपदीपर्यंत नीट चालते. चौथ्या पावलाला अडकते आणि मग पुढे जातच नाही. तुम्ही पाय उचललेला, मी मागे, आणि भटजींचं तोंड उघडं. मी पाच-सहा वेळा मागे नेऊन लावली. शेवटी तसंच ठेवून स्वयंपाकाला लागले.

तुमचा मुख्य नियम आठवतोय ना? जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा रंगाला लावायचा नाही. झटकून नाही, धुऊनही नाही. पडला की त्याची रवानगी दरवाजांच्या फटींना, तिथून चाकांना, तिथून इंजिनाला, आणि शेवटी शेडची फरशी. खाली यायची वाट होती, वर जायची नव्हती. मी एकदा म्हटलं होतं, माझंही तसंच झालंय. संस्कृतच्या वर्गातून निघाले ती थेट तुमच्या शेडमध्ये. तुम्ही हसलात. मी हसून सांगितलं म्हणून तुम्हाला ते गमतीचं वाटलं. ते गमतीचं नव्हतं.

दोन महिने म्हणाला होतात. तुमचा माणूस काम सोडून गेला, नवा मिळेपर्यंत जरा ये, म्हणालात. मी दामलेबाईंच्या क्लासमधून दोन महिन्यांची रजा घेतली. त्याला सहा वर्षं झाली. पत्र्याखाली मे महिन्यात कसं होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. समोर बांधकामाचे ट्रक, मागे उसाचं रान. पाचट पेटवलं की काजळी उडत येते आणि धुतलेल्या गाडीवर बसते, म्हणून शटर अर्धं खाली. त्या अर्ध्या शटरच्या आत बसून मी नववीच्या मुलांना न शिकवलेली रूपं मनात म्हणायचे. तुम्ही एकदा तरी विचारलंत, शुभदा, तुझा जीव गुदमरतो का इथे? मी 'नाही' असंच म्हटलं असतं, ते सोडा. पण विचारायला काय झालं होतं?

गजानन आला तेव्हा वाटलं, सुटले. वर्ध्याकडचा, चाळिशीतला, बायकोमुलांना घेऊन मांजरीतच खोली करून राहिलेला. तुमचे नियम त्याने पोथीसारखे पाठ केले. टॉवेलाची घडी दोनदा घालायची म्हणजे पुसायला आठ बाजू मिळतात, एक बाजू मळली की दुसरी काढायची, हे तो मलाच समजावून सांगायचा. "मॅडम, तुमी पाचवी बाजू दोनदा वापरून राहिल्या." त्याच्यावर तुमचा जीव होता. माझाही होता. पण तरी तुम्ही मला जा म्हणाला नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

मग तो दिवस. तुम्ही एका गाडीचं बोनेट संपवलंत, स्टुलावर बसलात आणि तिथेच कलंडलात. गजाननने तुम्हाला धरलं. दवाखान्यात त्यांनी माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. घड्याळ, चष्मा, खिशातली लवंगांची डबी आणि हा पिवळा टॉवेल. गजानन सारखा एकच सांगत होता, "मॅडम, सायेब पडले, पण टॉवेल खांद्यावरच होता. खाली नाई लागू देला." त्याला का सांगावंसं वाटत होतं, मला तेव्हा कळलं नाही.

आता ती गोष्ट.

शेडवर काजळी म्हणून टॉवेल तुम्ही घरी धुवायचात. त्यासाठी वेगळं मशीन घेतलं होतंत. एक माणसांचं, एक टॉवेलांचं. टॉवेलांच्या मशीनमध्ये तुम्ही माझी साडीसुद्धा कधी टाकू दिली नाहीत, सुताचे तंतू लागतात म्हणून. तुम्ही गेलात तेव्हा अडतीस टॉवेल बादलीत धुवायचे राहिले होते.

दहा दिवस सरले, सुतक फिटलं आणि वन्संनी पदर खोचला. तुमच्या थोरल्या बहिणीचं काम म्हणजे काम. "शुभदा, घरात न धुतलेलं काही ठेवायचं नाही. तू बस, मी बघते." चादरी, अभ्रे, पडदे, सतरंजी, आणि दारातली पायपुसणीसुद्धा. माणसांचं मशीन भरलं तशी त्या टॉवेलांच्या मशीनकडे वळल्या. पायपुसणी आत टाकली. त्यांच्यावर तुमचे अडतीस टॉवेल टाकले. पाणी गरम केलं. वर कपडे मऊ करणारं ते वासाचं औषध, दोन झाकणं. "छान वास येईल घराला," म्हणाल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

मला सगळं माहीत होतं. गरम पाण्याने टॉवेलाचे धागे जळतात. त्या औषधाचा थर बसला की टॉवेल पाणी शोषत नाही, नुसतं पसरवतो. आणि पायपुसण्यातली माती त्या धाग्यांत शिरली की कितीही धुवा, पुरती निघत नाही. पाच वर्षं तुमच्याकडून दुसरं काय ऐकलं होतं? "वन्सं, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी ऐकलंही असतं.

मी ते म्हटलं नाही. मला वाटलं, बरं झालं. वाटलं, आता टॉवेल नाहीत, तर शेड नाही. तुम्ही जाऊन अकरा दिवस झाले होते आणि मला त्या अकरा दिवसांत पहिल्यांदा श्वास घेता आला. मी आत जाऊन वन्संसाठी चहा टाकला. आलं घालून.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी टॉवेल फेकून दिले असते, शेड सोडली असती आणि दामलेबाईंकडे गेले असते. पण पंधराव्या दिवशी सकाळी गजानन दारात उभा. आपटे सरांच्या गाडीचं काम तुम्ही घेतलं होतंत, त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. "मॅडम, सायेबांनी शब्द देला होता. टॉवेल द्या, मी करतो." डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मी काय सांगणार होते त्याला? टॉवेलांची घड्या घातलेली पिशवी तिथेच कोपऱ्यात होती. त्यानेच उचलली. एक काढून नाकाशी नेला आणि म्हणाला, "वास येऊन राहिला, मॅडम."

मी म्हटलं, "तेरा दिवस उदबत्त्या होत्या ना घरात."

त्याने तो टॉवेल कपाळाला लावला. आणि गेला.

संध्याकाळी फोन आला म्हणून मी शेडवर गेले. गाडी बाहेर उन्हात उभी होती आणि बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. काळ्या रंगावर ते कसे दिसतात ते तुम्हीच मला शिकवलंत. आपटे सर छत्री टेकून उभे होते. निवृत्त मुख्याध्यापकच ते, आवाज चढवायची गरज त्यांना कधी पडलेली नाही. "आपण गाडी धुतलीत, की खरवडलीत?" एवढंच विचारलं त्यांनी.

गजानन माझ्याकडे वळला. "माह्या हातून झालं, मॅडम. मघा एक टॉवेल खांद्यावरून घसरला होता. मले वाटलं, मी दुसरा घेतला. तोच घेतला असन. डोकं ठिकाणावर नव्हतं." मग म्हणाला, "टॉवेल तर नेहमीसारखेच धुतले होते ना जी?"

अहो, त्याने मला सोडवायला दार उघडून दिलं होतं. 'नाही रे, वन्संनी चुकून धुतले' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझ्या मनातलं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. पण वन्संचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार होता, मॅडम, तुम्ही कुठे होतात? म्हणून मी म्हटलं, "हो. नेहमीसारखेच."

दोन रविवार त्याने त्या गाडीवर घालवले. मशीन नाही, हाताने पॉलिश, इंच इंच. आपटे सर चष्मा पुसून पुसून बघत होते. शेवटी म्हणाले, "दिसत नाहीत आता. म्हणजे जमतं तुम्हाला, मनात आणलं तर." गजाननने मान खाली घातली. मी ते अडतीस टॉवेल गुपचूप बाद केले, जुने झाले होते असं सांगितलं आणि नवे आणले. दुपारभर दुकानात बसून, हाताच्या पालथ्या बाजूवरून फिरवून. माझ्याही बोटांना आता भेगा आहेत. दुकानदार म्हणाला, "वहिनी, साहेबांसारखंच बघता." मला रडू आलं, ते कौतुकाने नव्हे.

तेव्हापासून गजानन काळ्या गाडीला हात लावत नाही. पांढरी, लाल, करडी, काहीही चालेल. काळी आली की मागे सरतो. "ते मॅडम करतील." मग काळ्या गाड्या कोण करतं? मी. आणि मांजरीत एवढ्या नव्या सोसायट्या झाल्यात, प्रत्येकाला काळीच गाडी हवी. लोक कौतुक करतात, मॅडमचा हात अगदी साहेबांसारखा. वन्सं सगळ्यांना सांगतात, आमच्या शुभदाने नवऱ्याचं नाव राखलं. राखलं खरं! जे दार बंद व्हावं म्हणून मी गप्प बसले, तेच बंद झालं आणि मी आत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. बाहेरच्याला वाटतं, ही बाई किती शांत आहे.

आणखी एक सांगते, वाईट वाटेल, पण सांगते. गजानन मान खाली घालून काम करायचा तेव्हा मला बरं वाटायचं. तो स्वतःला दोष देतोय तोवर टॉवेलांबद्दल कुणी विचारणार नव्हतं. मी अशी आहे हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तुम्हाला माहीत होतं का?

या महिन्यात सगळं एकदम अंगावर आलं. शेडच्या मालकाला रविवारपर्यंत कळवायचंय, करार पुढे चालवायचा की जागा सोडायची. दामलेबाईंचा फोन आला. त्यांचे गुडघे गेलेत, संस्कृतच्या दोन तुकड्या माझ्यासाठी ठेवल्यात, त्यांनाही रविवारीच सांगायचंय. "या वेळी दोन महिन्यांची रजा नको हं," म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी कपाट उघडून माझी जुनी वही शोधली. खडूची पूड अजून तिच्या पानांत होती.

मला उत्तर सोपं वाटलं. सोमवारी मी गजाननला समोर बसवलं आणि म्हटलं, शेड तू घे. करार तुझ्या नावाने करू, गिऱ्हाईक तुला ओळखतं, काम तुला येतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आनंदाचं. तो म्हणाला, "नाई जी. सायेबांच्या मागं पहिलीच गाडी ज्या हातानं खराब केली, त्या हातात दुकान देता? मले नाई जमत. मी तुमच्या हाताखालीच बरा हावो."

मी खूप समजावलं. एक चूक झाली म्हणून काय माणूस बाद होतो का, म्हटलं. तर मला म्हणतो कसा, "सायेबांचाच नियम हाये, मॅडम. पडलेला टॉवेल वर नाई जात."

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, मी स्वतःला कशाने कोंडून घेतलंय. शेडने नाही. तुम्हीही नाही, जरी वर्षभर मी तुम्हालाच बोल लावत आले. तो पडलाच नव्हता हो! त्याचा हात चांगला होता. खराब मी होते आणि बाद त्याला केलं.

चार दिवस झाले, मी सांगू सांगू म्हणते आणि परत येते. मंगळवारी तो पाणी मारत होता. बुधवारी तुमचं वर्षश्राद्ध, घर माणसांनी भरलेलं. काल कुणी नव्हतं तर मीच टॉवेल मोजत बसले. भीती कशाची? तो मला काही बोलेल याची नाही. तो बोलणार नाही, माहीत आहे. आपलं सामान उचलून निघून जाईल. मग मालक, करार, काळ्या गाड्या, पांढऱ्या गाड्या, सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात. इकडे आड, तिकडे विहीर. न सांगितलं तर तो हाताखाली राहणार आणि मला हलता येणार नाही. सांगितलं तर कदाचित तो जाईल आणि मला अजिबातच हलता येणार नाही.

आणि काल संध्याकाळी आपटे सरांचा फोन आला. गाडी घेऊन शनिवारी येतो म्हणाले. मी विचारलं, सर, पुन्हा आमच्याकडेच? तर म्हणाले, "नवीन माणसाकडे नवीन चुका होतात. तुमच्याकडच्या होऊन गेल्या आहेत."

फोन ठेवला आणि कपाटातून दवाखान्यातली ती पिशवी काढली. वर्षभर ती तशीच आहे. महिन्यातून एकदा उघडायचे, टॉवेलाला नाक लावायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे. पॉलिश, घाम आणि लवंग. घरात तुमचा वास तेवढाच उरला होता. वन्संनी बाकी सगळं धुऊन काढलं होतं ना.

पण वर्षभर कपाटात पडलेला टॉवेल न धुता कुणाच्या गाडीला लावता येत नाही. तुम्हीच लावू दिला नसतात. तरी सकाळपासून तीनदा बादली भरली आणि तीनदा ओतून दिली. शेवटी दुपारी घातला एकदाचा पाण्यात. पाणी फिकट करडं झालं. मांजरीची धूळ. मी हातानेच हलकेच दाबत राहिले आणि खूप रडले. दहा दिवसांचं सुतक पाळलं तेव्हा इतकी रडले नव्हते. तुमची आठवण येते हो मला. राग येतो आणि आठवण येते, आणि दोन्ही एकाच वेळी येतात, त्याला मी काय करू? अळणी आमटी मुकाट खाणारा माणूस पुन्हा कुठून आणू?

आता उठून बघून आले. वाळलाय. नाक लावलं, कसलाच वास नाही. हाताच्या पालथ्या बाजूवरून फिरवला, बोटांच्या भेगांना अडकला. अजून चांगला आहे. घडी घातली, दोनदा, आठ बाजू.

तर आता ऐका. उद्या सकाळी गाडीला पाणी लावायच्या आधी मी गजाननला सांगेन. आपटे सरांसमोर सांगेन, कारण त्याने मान त्यांच्यासमोर खाली घातली होती. टॉवेल खराब होते. मला ठाऊक होतं. मी गप्प बसले, आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. वन्संचं नाव घेणार नाही, उदबत्तीचं घेईन. त्याने कपाळाला लावलेला तो टॉवेल मला झोपू देत नाही हेही सांगेन. मग हा तुमचा टॉवेल त्याच्या खांद्यावर ठेवीन आणि म्हणेन, हा खाली पडलेला नाही, तूच साक्षीदार आहेस.

तो निघून गेला तर जाऊ दे. मग शेडचं काय करायचं ते माझं मी बघेन. मालकाला नाही म्हणायला मला कुणाचा हात पुढे करावा लागणार नाही. आणि त्याने टॉवेल खांद्यावर राहू दिला, तर बोनेटवर पहिला हात त्याचा. मी अर्ध्या शटरच्या बाहेर उभी राहीन. मध्ये बोलणार नाही, पाचवी बाजू त्याने दोनदा वापरली तरीसुद्धा.

तेवढं वचन देते. हे मात्र दोन महिन्यांचं नाही.

तुमची,
शुभदा